चोरून केलेली फोडणी

सिंगापूरला तोआ पायोहमध्ये खोली शोधताना मला सहा घरांनी नकार दिला. इंडियन कुकिंग नको, वास येतो, एवढंच कारण. सातव्या घरी मालकिणीने विचारताच मी सरळ खोटं बोलले, 'छे, फक्त मॅगी उकळते.' खोली मिळाली.

पुढची तीन वर्षं चांगी बिझनेस पार्कातल्या ऑफिसमधून एमआरटी मेट्रोने उभ्याने यायचं आणि नुसत्या उकडलेल्या डाळीत लिंबू पिळून जेवायचं. रविवारी सकाळी मालकीण बाजारात गेली, की सगळ्या खिडक्या सताड उघडून मी घाईघाईने फोडणी करायचे. मोहरी तडतडली की कान दाराकडे लागायचे. वेळेवर भाडं भरणारी बत्तीस वर्षांची बाई मी, आणि हिंगाचा वास घालवायला वर्तमानपत्राने वारा घालतेय! संताप यायचा, पण भांडायला अंगात त्राण कुठे होतं?

आता मी अख्खा फ्लॅट भाड्याने घेतलाय. एकटीला झेपत नाही, म्हणून घरमालकाला विचारून एक खोली कोणाला तरी द्यायचं ठरवलं. गेल्या आठवड्यात पुण्याहून नोकरीसाठी आलेली एक मुलगी खोली बघायला आली. दिवसभर घरं पाहून पार दमली होती. मी पाणी दिलं, मराठी ऐकून ती जरा सैलावली. आणि माझ्याच तोंडून निघून गेलं, 'स्वयंपाक फार करतेस का गं?'

ती खुर्चीत ताठ झाली.

'छे हो ताई, फक्त मॅगी.'