बारा दगड परत स्पितीला

ताईनं बॅग उघडली, एक दगड हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, दुसरा घेतला. मग तिसरा. मग खाली फरशीवर बसली आणि म्हणाली, "नित्या, नंबर कुठायत?"

तिथंच ठरलं की परत जायचं. तिकिटं दोन दिवसांनी काढली, पण ठरलं तिथंच.

आधी थोडं आमच्याबद्दल. मी नवी मुंबईतल्या शिरवण्याचा. नववीत शाळा सुटली. एका जागी बूड टेकत नाही म्हणून घरचे शिव्या देतात. आधी जासईला कंटेनर यार्डात होतो, मग गुजरातला, आणि आता दोन वर्षं हिमाचलात स्पितीत रस्त्याच्या कामावर पोकलेन चालवतो. माझी ताई मनीषा माझ्या अगदी उलट. भूशास्त्रात एमएस्सी करते आणि तिचा प्रबंध ट्रायलोबाइटवर आहे.

ट्रायलोबाइट म्हणजे पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास समुद्राच्या तळाशी रांगणारा, कवचवाला जीव. खेकडे-कोळंबीचा लांबचा नातेवाईक म्हणा. तो समुद्र आता नाही, पण त्याचा चिखल दगड होऊन हिमालयात वर चढून बसलाय. त्यातले काही चांगले थर मी काम करतो तिथून जवळ, पिन खोऱ्यात, पराहिओ नदीच्या काठी आहेत. सप्टेंबरात ताई, तिचे सर आणि कॉलेजची दोन मुलं रीतसर परवानगी काढून तिथं आली आणि थराथरातून नमुने काढले. परत जाताना त्यांची जीप भरलेली, म्हणून ताईचे तेवीस दगड माझ्याकडे ठेवले. महिन्याभरानं थंडीसाठी काम बंद झालं की मी घरी येणारच होतो.

आता माझा पराक्रम ऐका. आमची आई खाडीवर तिसऱ्या-शिंपल्या, चिंबोऱ्या-खेकडे गोळा करत वाढलेली. खाडीवरून आणलेलं काहीही आमच्या घरात दारातच घासून धुतल्याशिवाय आत येत नाही. कालव असो नाहीतर नुसता शिंपला. त्या दगडांत मला काय दिसलं? शिंपल्यासारखं कवच आणि भरपूर माती. निघायच्या आदल्या दिवशी बादलीभर गरम पाणी, कपड्यांची पावडर आणि तारेचा ब्रश घेऊन मी तेवीसच्या तेवीस घासले. वर ते पांढऱ्या रंगाचे डाग लागले होते ना, ते तर खास जोर लावून काढले.

ते डाग म्हणजे नंबर होते.

आईला कळलं तेव्हा तिनं माझीच बाजू घेतली. "धुतलास तो बराच केलास. नायतर सगली माती घरान आली असती."

"आई, प्लीज," ताई म्हणाली.

नंबराचं एवढं काय, असं मलाही वाटलं. तेव्हा ताईनं स्वयंपाकघरातल्या चपात्यांचा डबा आणला. "ही सगळ्यात खालची चपाती आधी भाजलेली. वरची नंतर. दगडाच्या थरांचं तसंच. कुठला प्राणी आधी, कुठला नंतर, हे थर सांगतो. आता डबा उलटा करून सगळ्या ताटात टाकल्या तर तू सांगू शकशील?" मग तिनं डब्याचं झाकण लावलं आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. प्रबंध द्यायला दोन महिने उरले होते.

सात दगड सरांच्या कॅमेऱ्यातल्या फोटोंवरून ओळखता आले. चार तिच्या वहीतल्या टिपणांवरून, म्हणजे 'दोन डोकी, एक शेपटी, कोपरा तुटका' असं लिहिलेलं जुळवून. उरले बारा. त्यात एक होता ज्याला आम्ही शेपटीवाला म्हणायला लागलो. त्याच्यावर फक्त शेपटी होती, कडेला बारीक काट्यांची. ही जात खालच्या थरात, म्हणजे बाकीच्यांच्या आधी येते, असं ताईचं म्हणणं. अर्धा प्रबंध त्या म्हणण्यावर उभा.

"खालचाच ना तो? मग लिही खालचा," मी म्हटलं.

"मला वाटतं खालचा. वाटणं लिहीत नाहीत."

"कोणाला कळणारे?"

"मला," ती म्हणाली.

तर मग जायचं. जुईनगर स्टेशनबाहेरून बबल रॅप आणला, बारा दगड वेगवेगळे गुंडाळले. तुम्ही जाणार असाल तर सांगतो, पनवेलहून चंदीगडला थेट गाडी आहे, पण रोज नाही, आधी वार बघा आणि मग रजा टाका. स्लीपरमध्ये उत्तरेकडे सरकताना नोव्हेंबरात थंडी वाजते, चादर नाही ब्लँकेट ठेवा. मनालीकडून जाणारा रस्ता कुंझुम खिंडीत बर्फ पडला की बंद होतो, म्हणून आम्ही शिमला-किन्नौरकडून गेलो. चंदीगड ते शिमला बस, तिथून रिकाँग पिओ. रामपूरला बस थांबते तिथं राजमा-चावल खा, पोट भरतं आणि घाटात त्रास देत नाही. पिओला मुक्काम करा. पिओहून काझाची बस सकाळी लवकर सुटते आणि दिवस घेते. उजव्या बाजूची खिडकी मागू नका, दरी बघवत नाही. मी रोज असल्याच कड्यावर मशीन चालवतो, पण मशीन माझ्या हातात असतं.

बसमध्ये बॅग वर टाकताना कंडक्टरचा खांदा खाली गेला. "क्या भरा है इसमें?"

"पत्थर," मी म्हटलं.

"काझा से पत्थर ले जाते हैं सब लोग. आप काझा में पत्थर ले जा रहे हो?"

"वापस करने जा रहे हैं."

त्यानं ताईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पाप लगा था क्या?"

ताई निघाल्यापासून पहिल्यांदा हसली. तिथून काझापर्यंत तो दर स्टॉपला चढणाऱ्यांना आमच्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होता आणि ते लोक आम्हाला हात जोडत होते.

काझाला एक पूर्ण दिवस काहीच करू नका. खरंच. उंचीची सवय व्हायला हवी. ताईचं डोकं दुखत होतं, तिला पाणी पाजत आणि थुक्पा (नूडल्सचं सूप) भरवत तो दिवस काढला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं पिन खोऱ्यात सगनमला उतरलो. होमस्टे बरेच बंद झाले होते. त्यातल्याच एका घरच्या डोल्मा आंटींनी एक खोली उघडून दिली, माणशी आठशे, दोन वेळच्या जेवणासकट. नळ गोठलेले, पाणी बादलीतलं, शेकायला चूल मधोमध. संध्याकाळी त्या चुलीपाशी ताईनं मला शेपटीवाला हातात दिला आणि धडा घेतला.

ट्रायलोबाइटचे आडवे तीन भाग असतात: डोकं, छाती, शेपटी. पण नाव पडलं ते उभ्या तीन पट्ट्यांवरून, मधली फुगीर आणि दोन बाजूंना दोन. जात ओळखायची तर डोक्याचा मधला फुगवटा बघायचा, त्यावर किती खाचा, तो पुढं निमुळता होतो की रुंद, डोळे कुठं, शेपटीला काटे आहेत की नाहीत. मी विचारलं, "मग एकही आख्खा का नाही? सगळीकडे डोकं वेगळं, शेपटी वेगळी. मारामाऱ्या करायचे का?"

"कात टाकायचे. वाढले की जुनं कवच टाकून द्यायचे. ही बरीचशी टाकलेली कवचं आहेत."

हे मला लगेच समजलं. चिंबोरी पण असंच करते, मऊ पडते तेव्हा ती कोणी घेत नाही. पन्नास कोटी वर्षांपूर्वी कुणीतरी टाकलेला कपडा मी तारेच्या ब्रशनं घासला होता तर.

सगनमहून नदीकाठानं वर चालत अडीच तास. वाट सोपी, पण ओढ्यांच्या कडेला बर्फाची काच, बूट चांगले हवेत. ज्या उतारावरून नमुने काढले तिथं सरांनी सप्टेंबरात थर मोजून दगडांवर लाल ठिपके आणि उंचीचे आकडे लिहून ठेवलेले. ते शाबूत होते. ते बघून मला तिथंच साष्टांग नमस्कार घालावासा वाटला.

बेत साधा होता. नमुना हातोडीनं काढला की त्याची उरलेली बाजू थरातच राहते. फुटलेला दगड आपल्या जागी बसवून बघायचा. बसला तर शेजारच्या ठिपक्याचा आकडा हा त्याचा नंबर. ऐकायला सोपं आहे. ताई प्रत्येक भेगेत दगड धरून, फिरवून बघत होती आणि अकरा वाजेपर्यंत एकही बसला नव्हता. तिची बोटं निळी पडली होती.

मग मी म्हटलं, "तू दगड बघत्येस. आधी भोकं बघू."

पोकलेन चालवणाऱ्याला एक गोष्ट कळते, दगड ताजा कुठं फुटलाय आणि जुना कुठं. ताजी फूट गडद असते, कड धारदार. जुन्या फुटीवर गंज आणि धूळ बसलेली असते. दोन महिन्यांची फूट त्या उतारावर अजून उठून दिसत होती. मी खालून वर चालत गेलो आणि प्रत्येक ताज्या फुटीपाशी एक काडी खोचली. मग फक्त त्या जागी दगड लावून बघायचे. पहिला बसला तेव्हा आवाज आला. टक. झाकण बसल्यासारखा. ताईनं दगड सोडला तरी तो तसाच राहिला.

"नित्या," ती म्हणाली, आणि लगेच पुढचा दगड उचलला.

पहिल्या दिवशी सात बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन. डोल्मा आंटी म्हणाल्या होत्या, संध्याकाळी बर्फ येईल, तीनच्या आत उतरायला लागा. एक वाजला तेव्हा हातात तीन दगड होते आणि काडी खोचलेल्या जागा सगळ्या बघून संपलेल्या. वरच्या बाजूला उताराचा एक तुकडा घसरून नदीकडे गेला होता. ताई त्या घसरणीकडे बघत बसली. "तिथंच असणार. गेलं ते. म्हणजे शेपटीवालाही वरचाच."

"तो शेपटीवाला दे इकडं."

त्या दगडातून एक पांढरी शीर तिरकी गेली होती, दोऱ्याएवढी. आम्ही खोदताना अशी शीर शोधतो, दगड तिथून उघडतो. शीर एका दगडात संपत नाही, थरातून पुढं जाते. मी पुन्हा अगदी खालून सुरुवात केली, ह्यावेळी फुटी सोडून फक्त शिरा बघत. खालून तिसऱ्या ठिपक्यापाशी एक मोठी दरड पडून थर झाकला गेला होता. तिच्या कडेला ती पांढरी रेघ आत जाताना दिसली. दोघांनी मिळून दरडीचे सुटे दगड बाजूला केले, अर्धा तास. आत ताजी, गडद फूट होती.

मी दगड ताईला दिला. "तू लाव."

"तू लाव," ती म्हणाली. "माझी बोटं वळत नाहीयेत."

"थंडीनं."

"गप लाव रे!"

लावला. रेघेला रेघ मिळाली. टक.

खालून तिसरा ठिपका. म्हणजे तिचं म्हणणं बरोबर. ताई तिथंच दगडाला कपाळ टेकवून रडली आणि मी उगाच नदीकडे बघत उभा राहिलो. मग तिनं नाक पुसलं, फोटो काढले, नंबर घातला, आणि ह्यावेळी वहीत, दगडावर आणि पिशवीवर, तिन्ही ठिकाणी. बाकीचे दोन नाही सापडले. पावणेतीनला आम्ही उतरायला लागलो आणि सगनमच्या पहिल्या घरापाशी बर्फ सुरू झाला. आंटींनी दारातूनच विचारलं, "मिला?" ताईनं मान डोलावली तर त्यांनी जेवायच्या आधीच दोघांसमोर लोणी घातलेला चहा ठेवला. खारट असतो. तीन कप प्यायलो.

जाणाऱ्यांना एक हात जोडून सांगणं. तिथं किंवा काझाच्या आसपास जीवाश्म दिसले तर फोटो काढा, उचलू नका, विकत तर अजिबात घेऊ नका. घरी कपाटात ठेवलेला दगड कुठल्या थरातला हे तुम्हाला सांगता येणार नाही, आणि ते नसेल तर तो नुसता दगड. हे मला आता चांगलंच ठाऊक आहे.

परतीचा प्रवास आला त्याच रस्त्यानं. चंदीगडपासून ताई गाडीत तक्ता बनवत होती. मी तिला दहादा म्हटलं, न सापडलेल्या दोघांच्या ओळींत 'अंदाजे' तरी टाक. तिनं त्या रिकाम्याच ठेवल्या आणि पुढं लिहिलं, 'थर अज्ञात, निष्कर्षात धरलेले नाहीत'.

शिरवण्याला पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी ती सरांकडे गेली. बॅग उचलायला मी सोबत. सर तसे कडक. तक्ता वरून खाली वाचला, शेपटीवाल्यापाशी थांबले, फोटोत रेघ जुळलेली बघितली. मग बोट त्या दोन रिकाम्या ओळींवर.

"ह्या भरल्या नाहीस?"

"नाही सर. जागा सापडली नाही."

"बरं झालं," सर म्हणाले. "ह्या रिकाम्या आहेत म्हणून बाकीच्या एकवीसवर माझा विश्वास बसतो. लिहून काढ आता."

दगड सगळे कॉलेजात जमा झाले. माझ्याकडे ह्या सहलीचा एकही तुकडा नाही, आणि हवाही नाही. उन्हाळ्यात काम सुरू झालं की मी परत वर जाणार. दगडात बकेट घालण्याआधी केबिनमधून उतरून एकदा हात लावून बघायचं ठरवलंय, मुकादम ओरडला तरी.

त्या दिवशी ताई घरी आली, दोन घास खाल्ले आणि दुपारी तीनला झोपली. संध्याकाळ झाली तरी उठेना. चहाला हाक मारावी म्हणून मी दारापाशी गेलो तर आईनं हात आडवा धरला.

"नको उठवू," ती हळूच म्हणाली. "म्हयना झाला, पोरीचा डोला लागला नव्हता. निजूं दे."

ताई दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला उठली.