नऊ वेळा ‘काऊन’

समुपदेशक व्हायचं तर आधी गप्प बसता आलं पाहिजे, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी अर्ज भरलाच नसता. गप्प बसणाऱ्यांवर माझा रागच होता. आमचं गाव धामणगाव बढेच्या बाजूचं. तिथे दारूचं दुकान शाळेच्या वाटेवर होतं आणि सगळं गाव गप्प होतं. मी पत्रकं लिहिली, घरोघर वाटली, बायकांच्या सह्या गोळा केल्या. मतदान झालं, बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्के मारले, दुकान बंद झालं. त्या पत्रकाचा मथळा माझा होता, जाड अक्षरात: ‘काऊन पेता?’ काऊन म्हणजे आमच्या बोलीतलं ‘का’. पुढे तीन उद्गारचिन्हं. एकानं भागण्यासारखं माझं तेव्हा काहीच नव्हतं.

दुकान गेलं, पिणारे कुठे जाणार? ते शेजारच्या गावी जाऊ लागले. एक दिवस नळावर एक बाई मला म्हणाली, “पोरी, तू दुकान बंद केलं, मोठं काम केलं. पण माह्या नवऱ्याचं तोंड काही बंद झालं नाही. आधी तो पायी झुलत येये, आता मोटरसायकलवर झुलत येते.”

बाकीच्या बायका हसल्या. मी हसले नाही. मला राग आला, आणि त्या रागाला वाटायला पत्रक नव्हतं. त्याच महिन्यात मी बुलढाण्याच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशकाच्या प्रशिक्षणाला नाव घातलं. रोज राजूर घाट चढून जायचं, संध्याकाळी उतरायचं.

प्रमाणपत्रासाठी दोन गोष्टी लागत. एक लेखी परीक्षा, ती मी सहज काढली. दुसरी म्हणजे एका रुग्णाशी केलेलं संभाषण, त्याच्या परवानगीनं फोनवर रेकॉर्ड केलेलं. ते आमच्या मॅडम ऐकणार आणि ठरवणार. मॅडम पुण्याकडच्या. आवाज कधी चढत नसे, आणि मला तेच खटकायचं.

माझ्या वाट्याला आला तो जानेफळकडचा एक आचारी, चाळिशीतला, लग्नाचा स्वयंपाक करणारा. डॉक्टरांचे उपचार पुरे करून तो घरी गेला होता आणि दर मंगळवारी बोलायला येत असे. (हे सगळं त्याला विचारूनच लिहिते आहे. “लिहा,” म्हणाला, “फक्त भाजी खारट झाली व्हती असं लिहू नका.”)

पहिल्याच दिवशी त्यानं मला निरखून पाहिलं. “ताई, ते ‘काऊन पेता’वालं कागद तुमचंच काय?”

मी ताठ झाले. “हो. वाचलंत?”

“वाचलं ना. मंग त्यात भजे बांधले. लई तेल पेलं त्या कागदानं. आमच्याहून जास्त.”

त्याला विचारून मी फोनवर रेकॉर्डिंग लावलं आणि सुरू झाले.

“काऊन पेता, भाऊ?”

“टेन्शन.”

“टेन्शन काऊन?”

“घरचं.”

“घरी काऊन टेन्शन आहे?”

“आता काय सांगावं.”

असंच आणखी काही वेळ चाललं. मग मीच सांगितलं. यकृत, संसार, सरकार, दारूवाल्यांचं राजकारण, सगळं. तो मान हलवत होता. मला वाटलं, पटतंय.

मॅडमनी कानाला इयरफोन लावून ते सगळं ऐकलं. हातात पेन्सिल होती, मधूनमधून कागदावर एक रेघ ओढत होत्या. शेवटी रेघा मोजल्या. “नऊ वेळा ‘काऊन’. बाकीचं भाषण. हे चालणार नाही.”

मी पेटले. “मॅडम, ही आमची बोली आहे. आम्ही चहा पितानासुद्धा काऊन म्हणतो. पुण्याला गावंढळ वाटत असेल तर वाटू द्या.”

“तू ‘का’ विचारलं असतंस तरी मी नापासच केलं असतं,” त्या म्हणाल्या. “हा प्रश्न त्याला बायकोनं विचारलाय, भावानं विचारलाय, पोलिसानं विचारलाय. उत्तर पाठ आहे त्याचं. तू पाठांतर म्हणवून घेतलंस.” आणि कागद घडी करत पुढे म्हणाल्या, “दोन मंगळवार आहेत. त्यात झालं नाही तर पुढच्या तुकडीत.”

बसमध्ये मी मनातल्या मनात मॅडमविरुद्ध एक आख्खं पत्रक लिहून काढलं. घरी पोचले तर दारापासून ताटापर्यंत आई मागेच. “काऊन व, उशीर काऊन झाला? तोंड काऊन उतरलं? जेवत काऊन नाही?” तिन्हींना मी एकच उत्तर दिलं, “काही नाही.” आणि घास तोंडात असतानाच लक्षात आलं की मीही आत्ता पाठांतर म्हणून दाखवलं.

पुढच्या मंगळवारी आचारी आला आणि फोनकडे बोट दाखवून म्हणाला, “आज हे डबी बंद ठेवा, ताई.”

उरलेल्या दोनांतला तो एक दिवस होता. मी फोन बंद केला. आतून चरफडत केला, पण केला. मग विचारलं, “पहिला घोट केव्हा असतो, भाऊ?”

तो उत्तर द्यायला गेला आणि थांबला. याचं उत्तर पाठ नव्हतं. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. हात मोकळे असले की मला भाषण सुचतं.

“भट्टीच्या पूजेले,” तो म्हणाला. लग्नाच्या सकाळी भट्टी पेटवायच्या आधी तिची पूजा होते. हळद-कुंकू, नारळ, उदबत्ती, आणि त्या शेजारी घरधनी एक बाटली ठेवतो, आचाऱ्याचा मान म्हणून. नाही म्हटलं तर आचारी नाराज आहे असा अर्थ निघतो. “ते घेतली की दिवस गेलाच माह्या. आता रविवारी जळगाव जामोदकडं लग्न आहे. तिथंबी ठेवतीन.”

माझ्या जिभेवर तीन उपाय तयार होते. मी गिळले. आयुष्यात केलेलं सगळ्यात अवघड काम तेच असेल.

“आधीच सांगा लागीन,” तो जमिनीकडे पाहत म्हणाला. “सामानाच्या यादीतच लिहून देतो. नारळ ठेवा, बाटली नाही.” उठताना म्हणाला, “पुढच्या मंगळवारी लावा डबी.”

तो मंगळवार शेवटचा. अकराची वेळ होती. एक वाजला, दोन वाजले. मी चार वेळा फोन हातात घेतला, आणि चारही वेळा तोंडात पहिला शब्द एकच येत होता. फोन ठेवून दिला. तो प्यायला असेल, हे आधी मनात आलं. प्रमाणपत्राचा विचार मागाहून आला, हे खरं सांगते.

साडेतीनला तो आला. हातात वर्तमानपत्राची पुडी. बस हुकली होती. खुर्चीवर बसायच्या आधी त्यानं पुडी टेबलावर सोडली. “पाहा. एका तरी बुंदीले शेपूट आहे काय? हात थरथरला की बुंदीले शेपट्या येतात.”

बुंदी गोल होती. सगळी. परवानगी विचारून मी रेकॉर्डिंग लावलं.

“बाटली ठेवलीच त्यायनं,” तो सांगू लागला. “म्हने, नाही घेतली तं भट्टी रुसते. म्या म्हटलं, रुसू द्या, मी मनवतो तिले.” दुपारी मात्र तल्लफ इतकी आली की झारा खाली ठेवावा लागला. दोन गिलास ताक पिऊन, मांडवाबाहेर एक चक्कर मारून तो परत उभा राहिला. मी फक्त “मग?” म्हणत होते.

शेवटी तो म्हणाला, “ताई, एक सांगा. त्या दिवशी तं तेच तेच इचारून डोकं खाल्लं माह्यं. आता इचारत नाही. काऊन?”

मला हसू आलं. “सांगायचं आहे का तुम्हाला?”

तो विचारात पडला. “मलेच पुरतं मालूम नाही. पण भट्टी न पेता पेटते, एवढं मालूम झालं.”

मॅडमनी ऐकलं. पेन्सिल एकदाच टेकली. “एकच ‘काऊन’,” त्या म्हणाल्या, “आणि तो तुझा नाही.” सही करून त्यांनी एक बुंदी उचलली. रुग्णाकडून भेट घेऊ नये हा नियम त्यांनीच शिकवला होता, म्हणून मी पुडी सगळ्या केंद्रासाठी ताटात ओतून ठेवली होती.

त्यानंतर एका हळदीत तो प्यायला. दुसऱ्या दिवशी सकाळी, मंगळवार नसताना, स्वतःच सांगायला आला. पुन्हा सुरुवात केली. परवा निघताना दारात थांबून म्हणाला, “ताई, ते जुने कागद उरले असतीन तं द्या. तेल चांगलं पेतात.”

मी गठ्ठा काढून दिला.