न पुसलेली चेन

हात धुताना मामा साबण आधी मनगटाला लावायचे, मग बोटांना. पेन डाव्या कानावर ठेवायचे, कारण उजव्याने नीट ऐकू यायचं आणि त्या बाजूला काही अडकवलेलं त्यांना खपत नसे. बिस्किट चहात तुटून पडलं, की तो चहा ओतून द्यायचे. समोर आलेल्या माणसाचं तोंड बघण्याआधी त्याच्या गाडीचं मागचं चाक बघायचे. इतर मेकॅनिक गाडीशी बोलतात तसं बोलायचे नाहीत; त्यांना ते नाटक वाटायचं. आणि कुणी "चालेल ना मामा?" असं विचारलं तर कधीच "चालेल" म्हणायचे नाहीत. "चालते आहे," म्हणायचे. "पुढचं सांगायला मी ज्योतिषी नाही."

खरं तर ते एकाच माणसाचे मामा होते. बहिणीच्या मुलाला त्यांनीच आपल्या पार्सल कंपनीत डिलिव्हरीवर लावलं. तो शेडमध्ये शिरता शिरता "मामा!" अशी हाक मारायचा. महिनाभरात बावीसच्या बावीस पोरं त्यांना मामा म्हणू लागली. पोरांत पन्नाशीचेही दोघे होते. मामांची हरकत नव्हती. लग्न केलेलं नव्हतं. बहीण त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची आणि रात्रीचं जेवण तिच्याकडे, हे तीस वर्षं ठरलेलं होतं. भाचा तिच्यापेक्षा त्यांच्याच अंगाखांद्यावर जास्त वाढला.

गाड्या पोरांच्या स्वतःच्या, देखभाल कंपनीची. गोदामामागे पत्र्याची शेड होती. संध्याकाळी सहानंतर गाड्या परत येत, आणि मामांचं खरं काम तेव्हा सुरू होई. चेन गरम असतानाच तेल आत शिरतं, असं त्यांचं म्हणणं. पण कुठलं तेल, हे ते डब्याला विचारत नसत, पोराला विचारत.

"आज कुठे फिरलास?"

"खाणीकडे."

मग त्याला मेणाचा स्प्रे. तो सुकतो, धूळ धरत नाही. बर्फाच्या कारखान्याकडचा ओला रस्ता असेल तर गिअरचं जाड तेल, एकेका कडीवर एकेक थेंब. गावात फिरणाऱ्यांना साधा स्प्रे. ग्रीस कुणालाच नाही. ग्रीसमध्ये धूळ बसली की चेनची कानस होते आणि ती दातेरी चाकच खाते, हे प्रत्येक नव्या पोराला एकदा ऐकावं लागायचं. इंजिन बंद करायचं, गाडी मधल्या स्टँडवर घ्यायची, मागचं चाक हाताने फिरवायचं. तेल चेनच्या आतल्या बाजूने सोडायचं. फिरता फिरता ते आपणहून बाहेर येतं. मग रात्रभर गाडीला हात लावायचा नाही. सकाळी कोरड्या फडक्याने चेन पुसायची, मगच गाडी बाहेर.

"आत मुरलं ते आपलं," मामा म्हणायचे. "बाहेर दिसतं ते उडणारं."

बावीस गाड्या, अकरा वर्षं. चेन तुटल्याचा एक निरोप आला नव्हता.

मग नवा व्यवस्थापक आला. वयाने भाच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल. त्याने पहिल्या आठवड्यात दोन कागद काढले. शेड पाचला बंद होणार. आणि तीन प्रकारची तेलं कशाला, सगळ्यांना एकच. त्याचं पिंपही आलं. मामांनी झाकण उघडून बोट बुडवलं. जाड, चिकट, तार धरणारं तेल. बोट पुसून ते ऑफिसात गेले.

"साहेब, पाचला गाड्या रस्त्यावर असतात. चेन कुणाची करू, माझ्या सायकलची?"

"सकाळी करा. सात ते आठ."

"सकाळी लावलेलं बसत नाही. उडतं. टायरवर जातं."

"मग पुसा."

"तासात बावीस गाड्या आहेत. लावू की पुसू?"

साहेब हसला. "मामा, तुम्ही तेल लावता की नातवंडाला पावडर? किती ते लाड!"

पंधरा दिवसांनी मामा पुन्हा गेले. तेव्हा साहेब हसला नाही. "जमत नसेल तर तसं लिहून द्या," म्हणाला.

मामांनी लिहून दिलं नाही. जमवायला लागले. प्रत्येक गाडीचं एक कार्ड असे. त्यावर तीन रकाने: साफ केली, तेल लावलं, पुसली. पूर्वी काम झालं की सही होई. आता आठच्या ठोक्याला कार्डं साहेबाच्या टेबलावर लागत, म्हणून मामा सातलाच सगळ्या कार्डांवर सह्या करून ठेवत. मग हात चालवत. अठरा-एकोणीस गाड्या पुसून होत. उरलेल्या पोरांना सांगत, "पहिला किलोमीटर हळू जा." पोरं हो म्हणत.

त्या मंगळवारी भाच्याची गाडी शेवटची होती. तेल लावून झालं होतं. बाकीचे सगळे निघून गेले होते.

"मामा, सोड ना. उशीर होतोय."

"पुसू दे."

"माझ्याच गाडीला बरं सगळं साग्रसंगीत! बाकीच्यांची चेन सावत्र का?"

तेवढ्यात ऑफिसची खिडकी उघडली. "मामा, सोडा ती गाडी! आठ वाजून सहा मिनिटं झाली!"

मामांच्या हातात फडकं होतं. टायरच्या कडेला ओली रेघ आलेली त्यांना दिसली होती. दोन्ही गोष्टी त्यांनी पुढे स्वतःहून सांगितल्या, कुणी विचारल्या नव्हत्या. त्या क्षणी त्यांच्या डोक्यात एवढंच आलं, की उडायचं ते तेल अर्ध्या किलोमीटरात उडेल. आपण नाही पुसलं तर रस्ता पुसेल. ज्याचे हात जन्मभर तेलात गेले त्यालाच असं सुचतं. दुसऱ्या कुणी घाबरून गाडी थांबवली असती. अर्ध्या किलोमीटरवर पाण्याच्या टाकीला वळसा घालणारा उतार आहे, हेही त्यांना ठाऊक होतं. तेल किती अंतरात उडतं आणि उतार किती अंतरावर आहे, दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या. त्यांनी त्या शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

"जा," म्हणाले. "हळू."

वळणावर मागचं चाक निसटलं. पार्सलांच्या पेटीसकट गाडी डाव्या पायावर आली. घोट्याचा चुरा झाला. डॉक्टरांनी पट्ट्या आणि स्क्रू घालून पाय वाचवला, पण घोटा वळायचा थांबला तो थांबलाच. मोटरसायकलचा गिअर डाव्या पायाने टाकतात.

दवाखान्यात बहीण बाकावर बसली होती. मामा शेजारी जाऊन बसले. ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

"दादा, गाडी तुझ्या हातातून गेली होती ना?"

"हो."

ती उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. त्या रात्रीपासून मामांचं वरचं जेवण बंद झालं. ते जिने चढून जायचे. ती दार उघडायची आणि दारातच उभी राहायची. "झोपलाय तो," म्हणायची. आतून रेडिओ ऐकू यायचा, त्याच्याबरोबर भाचा गुणगुणताना.

कंपनीची चौकशी सुरू झाली तेव्हा मामांना काहीच धोका नव्हता. कार्डावर 'पुसली' होतं, खाली सही होती. म्हणजे चूक चालवणाऱ्याची. जुन्या डिलिव्हरीवाल्यांपैकी एकाने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "मामा, हाताची घडी, तोंडावर बोट. तुमच्या केसाला धक्का लागत नाही."

"आणि पोराचं काय? गाडी चालवता येत नाही म्हणून घरी पाठवतील."

"पाठवतीलच. तुम्ही बोललात तर दोघांना पाठवतील."

मामांनी कागद घेतला आणि तीन वाक्यं लिहिली. चेन मी पुसली नाही. सकाळी लावलेलं तेल उडतं, असं मी साहेबांना दोनदा सांगितलं होतं. त्या दिवशी गाडी सोडा म्हणून साहेब खिडकीतून ओरडले.

साहेबाला पहिलं वाक्य आवडलं. बाकीच्या दोन वाक्यांना पुरावा काय, असं त्याने विचारलं. मामांना दुसऱ्या दिवसापासून घरी बसवलं. शेडच्या दारात कुणीतरी म्हणालं, "ऑफिसने मामालाच मामा बनवलं." दोघेतिघे हसले. मामाही हसले. मग फाटकाबाहेर जाऊन बराच वेळ किल्ल्या शोधत राहिले. किल्ल्या त्यांच्या हातातच होत्या.

मोठ्या ऑफिसातून एक अधिकारी येणार होता. गुरुवारची तारीख पडली. खिडकीतली हाक ऐकणारा एकच माणूस होता, आणि तो वरच्या मजल्यावर उशीवर पाय ठेवून पडला होता. मामा गेले. या खेपेला बहीण दारातून बाजूला झाली.

"गुरुवारी येशील?" मामांनी विचारलं.

"येईन की," भाचा म्हणाला. "कुबडी आहे, रिक्षा आहे."

"फार बोलायचं नाही. साहेब ओरडले, एवढं सांग."

"ओरडलेच होते. मी काय बहिरा आहे?"

"माझं पुसायचं राहिलं, तेही सांग. लपवू नकोस."

भाच्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मामा, तू मला वाचवतोयस की स्वतःला बुडवतोयस?"

"दोन्ही एकदम जमतंय का बघतो."

तो हसला. पाच महिन्यांनी हसला. ओट्याकडे तोंड करून उभी असलेली बहीण म्हणाली, "चहा टाकू का, दादा?" मामा सवयीने "नको" म्हणून गेले, आणि जिना उतरताना त्यांनी स्वतःला चार शिव्या घातल्या.

येताना त्यांनी गाडीची किल्ली मागून आणली होती. अपघातानंतर गाडी खालच्या अंगणात भिंतीला टेकून पडली होती. मामांनी आठ दिवस तिच्यावर घातले. हँडल सरळ केलं. पाय ठेवायचा दांडा नवा बसवला. गिअरच्या दांड्याला मागून एक पट्टी जोडून घेतली, म्हणजे घोटा न वळवता टाचेने गिअर पडेल. स्वतः बसून, डावा घोटा फळकुटाने करकचून बांधून, त्यांनी तो पन्नास वेळा टाकून पाहिला. शेजारच्या बाईने विचारलं, "काय हो, तुमचाही पाय मोडला?" मामा म्हणाले, "उसना घेतलाय."

बुधवारी दुपारी फक्त चेन राहिली होती. पिंपातलं ते चिकट तेल अजून कड्यांत बसलं होतं, वर धूळ थापलेली. मामांनी रॉकेल आणि मऊ ब्रशने सगळी चेन धुतली. तारेचा ब्रश नाही. त्याने आतल्या रबरी रिंगा जातात. फडक्याने टिपली. उन्हात सुकू दिली. मग तीन डबे समोर मांडून ते बसून राहिले. ही गाडी कुठल्या रस्त्याने जाणार, हे विचारायला समोर कुणी नव्हतं. खूप वेळाने त्यांनी गिअरचं जाड तेल घेतलं. गाडी अजून थोडे दिवस उभीच राहणार होती. तेलाला मुरायला हवा तेवढा वेळ होता.

सुरुवातीच्या कडीला त्यांनी पांढरा दोरा बांधला, फेरा पूर्ण झाल्याचं कळावं म्हणून. ड्रॉपर भरला. एक कडी, एक थेंब; चाक जरा पुढे; पुढची कडी.

बहीण जिना उतरून आली. अंगणात ती कित्येक महिन्यांत आली नव्हती.

"दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगते," ती म्हणाली. "सकाळी तुमचे साहेब आले होते. पोराला काउंटरवर घेतायत. बसून काम. एक तारखेपासून."

"बरं झालं," मामा म्हणाले. खरंच बरं वाटून म्हणाले. "मग उद्या—"

"उद्या तो येणार नाही. सही करून दिली त्याने."

मामांनी ड्रॉपर खाली ठेवला नाही. "कशावर?"

"कागदावर. तू पुसलं नाहीस, आणि तुला कुणी घाई केली नव्हती, असं."

"तो म्हणाला असं?"

"टाइप करूनच आणलं होतं."

"न वाचता केली असेल."

"वाचून केली. दोनदा वाचलं त्याने."

ड्रॉपरच्या टोकाला थेंब आला होता. तो पडला, कडीवर नाही, फरशीवर.

"अरे दादा, तूच लिहून दिलंस ना तुझं चुकलं म्हणून? मग त्यात खोटं काय आहे?"

"दुसरं वाक्य. घाईचं."

"एका वाक्यासाठी पोराने जन्मभर खाटेवर पडून राहायचं? सव्वीस वर्षांचा आहे तो. तुला काय, तू एकटा." बोलून ती थांबली. पदराने कपाळ पुसलं. मग अगदी जुन्या, रोजच्या आवाजात म्हणाली, "संध्याकाळी वर जेवायला ये. तोच म्हणाला, मामाला बोलाव."

ती वर गेली. थोड्या वेळाने त्यांनी हात धुतले.

संध्याकाळी ते वर गेले आणि जेवले. भाच्याने काउंटरच्या खुर्चीला चाकं आहेत, असं सांगितलं. मामा म्हणाले, "चांगलंय." गुरुवारी ते ऑफिसात गेले नाहीत. अधिकाऱ्याने अर्धा तास वाट पाहिली आणि फाइल बंद केली.

गाडी अंगणात आहे. किल्ली कुणी परत मागितली नाही, मामांनी दिली नाही. चेनला एकशे सहा कड्या आहेत. दोऱ्यापासून मोजलं तर एकेचाळीस काळ्या आणि ओल्या आहेत. पुढच्या पासष्ट कड्यांवर गंज चढलाय. त्यानंतर चाक कुणी फिरवलेलं नाही.