युरोपातून बाहेर पडायची वाट

महादेवपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात आम्ही दिवसभर दुसऱ्यांच्या फुटबॉल मॅचेस बघतो. करमणूक म्हणून नव्हे हो. सकाळी रेकॉर्डिंग येतं, काचेच्या खोलीत आम्ही दोघी बसतो. मी बघून खेळाडूचा नंबर आणि त्याने काय केलं ते बोलायचं, शेजारच्या मुलीने टाइप करायचं. "सहा, पास, डावीकडे. अकरा, शॉट, बाहेर." न थांबता, भराभर. एका जोडीला एक क्लब, तोही अख्ख्या सीझनसाठी. पाठमोरा खेळाडूसुद्धा चालीवरून ओळखता यावा म्हणून मध्ये जोडी बदलत नाहीत.

आमच्या वाट्याला कुठल्याशा थंड प्रदेशातला एक चिमुकला क्लब आला होता. गोलकीपर एरवी शाळेत मास्तर. रविवारी देशातली लीग, गुरुवारी युरोपातली स्पर्धा. सीझनच्या सुरुवातीलाच मी टीम लीडकडे पाच दिवसांची सुट्टी मागितली. तो म्हणाला, "क्लब युरोपातून बाहेर पडला की घे, मग आठवड्याला एकच मॅच उरते. जुलै संपायच्या आत पडतील, बघ." मला पटलं. एवढासा क्लब टिकून टिकून टिकणार किती?

सुट्टी अण्णांसाठी हवी होती. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांना काचबिंदू, नजर कडांकडून आत मिटत चालली होती, आणि गेलेली परत यायची नाही असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. आम्ही कित्येक पिढ्या इथलेच, कानडी मुलखातले, तरी कुलदैवत तुळजापूरचं. "दिसतंय तोवर देवीचं तोंड एकदा बघून येऊ," एवढंच त्यांचं मागणं. एकट्याने प्रवास त्यांना जमणारा नव्हता आणि घरात आम्ही दोघंच.

मेले जिंकतच गेले. जुलै गेला, ऑगस्ट गेला. दर शुक्रवारी मी हेडफोन चढवायची आणि समोरच्या टीमने गोल मारावा म्हणून मनातल्या मनात देवीलाच साकडं घालायची. लीगमध्ये हे लोक सपाटून मार खायचे, कुणाकडूनही हरायचे. युरोपात मात्र काय अंगात यायचं कोण जाणे. संध्याकाळी जे. पी. नगरला घरी पोचले की अण्णा विचारायचे, "पडले का ग?" मी मान हलवायची. मग आठवायचं की संध्याकाळच्या उजेडात मान हलवलेली त्यांना दिसत नाही, आणि तोंडाने "नाही" म्हणायची.

ऑक्टोबरात एका मॅचमध्ये शेवटच्या मिनिटाला त्यांच्याविरुद्ध पेनल्टी मिळाली. मी श्वास धरून बसले. मास्तरांनी उजवीकडे झेप घेतली आणि बॉल अडवला. "एक, सेव्ह," म्हणताना माझा आवाज फाटला. शेजारच्या मुलीने टाइप करणं थांबवून माझ्याकडे बघितलं. काचेच्या त्या खोलीत माझा जीव गुदमरत होता, पण पुढची मॅच आमचीच होती.

घरी अण्णांना सांगितलं तर ते खुशीत म्हणाले, "चांगला आहे की तुमचा गोलकीपर." माझं डोकंच फिरलं. "तुमचे डोळे जाताहेत अण्णा, आणि तुम्ही त्याचं कौतुक करताय?" ते म्हणाले, "सरी, खरं आहे तुझं, पण त्याने काय करावं? मुद्दाम सोडावा का?" त्यानंतर ते "पडले का" असं विचारेनासे झाले. "जिंकले का ग?" असं विचारू लागले. मी मात्र हरण्याचीच वाट बघत राहिले.

डिसेंबरात ते एकदाचे पडले. टीम लीडने स्वतःहून सुट्टी दिली. तोवर अण्णा चौकटीला धडकू लागले होते, माणसं आवाजावरून ओळखत होते. तरी तिकिटं काढली.

तुळजापूरला रांगेतून आत सरकताना त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. गाभाऱ्यासमोर आलो. त्यांनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली.

"कुठंय ग? मला काळोखच दिसतोय. तू सांग."

मी बोलू लागले. "समोर, जरा उजवीकडे. मळवट. नथ. कवड्यांची माळ. साडी, हिरवी." ऑफिसातल्यासारखंच तोंडातून येत होतं, भराभर.

"स्वल्प हळू सांग ग पोरी," अण्णा म्हणाले.

मागचे लोक पुढे ढकलत होते, आणि मला हळू येतच नव्हतं.