मॅट्रनबाईंची जागा

उपासना संपली की चर्चमध्ये सगळे एकमेकांशी हात मिळवायचे. मॅट्रनबाई मात्र आमचा हात धरत नसत. "आधी मागं जाऊन ये," म्हणायच्या. मागे सतरंजीवर भामरागडकडची माडिया आदिवासी कुटुंबं बसायची. पुढची बाकं आम्हा जुन्या मिशनवाल्या घराण्यांची. तसा नियम कुठेच नव्हता, पण जागा कुणी चुकत नव्हतं.

बाई स्वतः जुन्या घराण्यातल्या, चर्चचे धर्मगुरू असलेल्या पाळकांची विधवा. उभी हयात मिशनच्या दवाखान्यात नोकरीत गेलेली. प्रेमळ म्हणावं असं त्यांच्यात काही नव्हतं, आणि मला त्या आवडतही नसत. "तुया आज्याले मिशननं शाळा देली, बापाले नोकरी देली. तू कोनाले काय देलं?" हे त्या चारचौघांत विचारत. मी हसून टाळायचो.

मग त्या सतरंजीवरचा जुरू दवाखान्यात वारला. बाप्तिस्मा घेतला म्हणून त्याच्या गावानं माती नाकारली. आमच्या कब्रस्तानात घराण्यांच्या ओळी, ओळीच्या टोकाला घराण्याच्या नावाची पाटी, नवऱ्याशेजारी बायकोची जागा विटा लावून राखलेली. चर्चची कमिटी म्हणाली, जंगलातला माणूस जंगलातच न्या. मी सचिव, फाटकाची किल्ली माझ्याकडे. बाहेर भर उन्हात जुरूची बायको गाडीत प्रेताजवळ बसलेली, आणि मॅट्रनबाई फाटकाशी उभ्या.

"कमिटीचा निर्णय आहे, बाई."

"कमिटी म्हंजे कोन? तुयेच काके-मामे ना? खोल फाटक. माह्या जागेत ठेवतो त्याले."

"मग तुम्ही कुठे?"

"मले कुत्र्यानं खाल्लं तरी चालते. खोल!"

मी उघडलं. पाळकांशेजारी जुरूला ठेवलं. मला हलकं वाटलं, ते बाईंना दिसलं असावं.

"खुश होऊन राह्यला? माही एक जागा होती, सरली. उद्या दुसरा मरन, त्याले कुठी ठेवशील? तुया शब्दाले वजन हाय म्हून तुले बोलतो. नाई त कोन इचारते तुले!"

गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. कमिटीनं मोठ्या मनानं ठरवलं की पाळकांचीच कबर उघडून त्यांना ठेवावं आणि जुरूचा विषय पुन्हा काढू नये. मी किल्ली घेऊन फाटकापुढे उभा राहिलो. म्हणालो, आधी ओळींवरच्या पाट्या काढा. जो मरेल तो पुढच्या मोकळ्या जागेत. तोवर फाटक उघडणार नाही, बाईंसाठीही नाही.

काका अंगावर धावून आले. "बाईचं प्रेत बाहेर उन्हात हाय, शरम कर!"

"जुरूचंही होतं," मी म्हणालो.

शेवटी कमिटी नमली, आणि पहिली पाटी माझ्या बापाच्या ओळीची निघाली. ती मीच उपटली, मग बाईंना पुढच्या मोकळ्या जागेत ठेवलं. सख्खा भाऊ अजून माझ्याशी बोलत नाही.