कोहळ्याची पहिली चीर

गडचिरोलीच्या बस स्टँडबाहेर ती आपल्या वाडीतले कोहळे, म्हणजे इकडचे लाल भोपळे, घेऊन बसायची. नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक नसलं की ती कोहळे थोपटत राहायची, लेकरं निजवावीत तशी.

बदलीनंतरची माझी पहिली दिवाळी. घरमालकीणबाईंचा हात प्लास्टरमध्ये, म्हणून पाडव्याचा स्वयंपाक माझ्याकडे आला. आधी गाईला नव्या तांदळाची खिचडी आणि कोहळ्याची भाजी, मग माणसांची पंगत. बाईंनी बजावलं होतं, अख्ख्या कोहळ्याला पहिली चीर पुरुषानंच द्यायची.

“घरी मानूस आहे का कापाले?” मी कोहळा निवडला, तेव्हा तिनं विचारलं.

“नाही. आम्ही दोघीच.”

शेजारच्या पानठेल्यावर चार पुरुष उभे होते. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि विळा पदराला पुसला.

“माह्या घरी बी कोणी नाई. वेल म्या लावला, पाणी म्या देल्लं. मंग कापाच्याच वेळी मानूस कुठून आणू वो बाई?”

तिनं खच्चकन चीर दिली. आत केशरी गर.

पाडव्याला गाईपुढे सूप ठेवलं, तेव्हा मालकीणबाईंनी विचारलंच, “कोणी कापला?”

“जिनं लावला तिनं.”

तोवर गाईनं सूप चाटून साफ केलं होतं. ते बघून त्या म्हणाल्या, “बिया ठेवल्या ना? मांगं जागा आहे.”

यंदा आमच्या कुंपणावर तीन कोहळे धरलेत. पहिली चीर कोण देणार, यावरून आम्हा दोघींचं रोज भांडण होतं.