बांबूतली एक वीत

"हमीदचाचा गेले," असं फोनवर ऐकलं आणि मी विचारलं, "कुठं?" चाचा कायम कुठं ना कुठं गेलेलेच असायचे, कधी तहसीलला, कधी पुण्याला. पलीकडच्या माणसानं मातीची वेळ सांगितली, तेव्हा मला कळलं. सोमवारी भोरच्या नव्या कबड्डी स्टेडियमवर ते माझ्या शेजारी उभे होते. शुक्रवारी सकाळी चहाची बशी हातात असतानाच गेले. महिना उलटला, तरी मला ते पटत नाही. आणि सोमवारी मी जे बोललो, ते तर अजिबात विसरता येत नाही.

चाचा एसटी डेपोत टायरचं काम करायचे आणि उरलेला सगळा जीव कबड्डीला लावायचे. भोरमध्ये बाजाराला लागून एक खडकाळ पटांगण होतं. बाजाराच्या दिवशी तिथं टेम्पो लागायचे, दुसऱ्या दिवशी चाचा आम्हा खेळाडूंकडून खडे वेचून घ्यायचे, पाणी मारायचे आणि फक्कीनं रेषा आखायचे. मी मार्गासनीहून दोन एसट्या बदलून सरावाला यायचो. मापाला त्यांच्याकडे एक लांबलचक बांबू होता. मध्यरेषेपासून बोनस रेषेपर्यंत बरोबर एक बांबू. ती रेषा ओलांडून पाय टेकला की एक गुण जादा. चाचा म्हणायचे, "रेषंकडं बगायचं न्हाई. नजर समोरच्याच्या पायावर. रेषा आपल्या पावलात पायजे." आमच्या पावलात त्यांनी ती इतकी मुरवली होती, की डोळे बांधले असते तरी पाय तिथंच पडला असता.

आणि त्याच पावलानं माझा घात केला. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात शेवटची चढाई माझी होती. बोनस घेतला म्हणून मी हात उंचावून परतलो, पण पंचांनी नकार दिला. पाय वीतभर अलीकडे पडला होता. एका गुणानं हरलो. चाचा सगळ्यांसमोर कडाडले, "हिर्डोशीची पोरं डोंगर चालून सरावाला येत्यात, आन तुला एक पाय नीट टाकता येत न्हाई?" त्यानंतर मी खेळलो नाही. रुसलो नव्हतो, पण लाज वाटत होती. पुढं शाळेत नोकरी लागली, लग्न झालं, तरी तो पाय काही मनातून जाईना.

चाचांनी मात्र मला सोडलं नाही. पटांगणाचं स्टेडियम करायचं वेड त्यांनी घेतलं तेव्हा अर्ज लिहायला मीच लागायचो, माझं अक्षर चांगलं म्हणून. हेलपाटे ते घालायचे. "लई न्हाई मागत. मान्सं सावलीत बसून पोरांचा खेळ बगतील, एवढं स्टेडम पायजे," असं साहेबांना सांगायचे. साहेब बदलत गेले, चाचा निवृत्त झाले, अर्ज तोच राहिला. शेवटी एकदाचा पत्रा चढला, पायऱ्या झाल्या. रविवारी उद्घाटन ठरलं.

सोमवारी इंजिनिअरनं टेप लावून रेषा मारल्या. चाचांनी हट्टानं टेम्पोतून बांबू आणला होता. तो मध्यरेषेला टेकवला, तर बोनस रेषेला वीतभर कमी! त्यांनी बांबू उलटा करून पाहिला. तेवढाच. मग टोक चाचपत ते पुटपुटले, "शेंडा चिरला का आरीनं उडवायचो म्या... दर दोन-तीन वर्सांनी, तुमच्या येळंपतुर." सगळे हसले. मीही हसलो आणि म्हणालो, "म्हणजे चाचा, आमची फायनल तुमच्या आरीनं कापली म्हणायची!" चेष्टाच होती हो. चाचा हसले नाहीत. "व्हय की रं," एवढंच म्हणाले आणि बांबू घेऊन घरी गेले. मी त्यांना थांबवलं नाही.

माती देऊन आलो तेव्हा काहीच सुचत नव्हतं. चार दिवसांनी चाचींना भेटायला गेलो. भिंतीकडेला बांबू आडवा होता. त्याच्या टोकाला वीतभर तुकडा, टायरच्या ट्यूबच्या पट्टीनं करकचून बांधलेला. चाची म्हणाल्या, "चार दिस जेवनात ध्यान नव्हतं त्यांचं. ह्येच बांदत बसले हुते. मला म्हनले, रैवारी समद्यांम्होरं सांगतो, पोराचा पाय चुकला नव्हता, म्या चुकलो." मी तिथंच बसून रडलो. मला ते नको होतं, चाचा. मला ते कधीच नको होतं.

उद्घाटन पुढं ढकललं आणि मग साधेपणानं झालं. गर्दी पांगल्यावर मी चपला काढल्या, मध्यरेषेवरून निघालो, नजर समोर ठेवून पाय टाकला. वीतभर अलीकडे पडला. पुन्हा टाकला. तिथंच. आता भोरला गेलो की मी तेवढं करून येतो. तो पाय सुधारायचा नाही, असं मी ठरवलं आहे.